ताईची गंमत

धाकटीला 'सावकाश' हे नाव ताईनेच दिलं. तेव्हा ताई चौदा वर्षांची होती आणि धाकटी सात. आई बरेच महिने अंथरुणाला खिळलेली. घरात सगळे हळू आवाजात बोलायचे आणि वडील कामावरून आले की बूटही न काढता खुर्चीत बसून राहायचे. एका दुपारी आईने पाणी मागितलं. धाकटीने पेला काठोकाठ भरला आणि थेंब सांडू नये म्हणून पेल्यावर नजर रोखून एकेक पाऊल टाकत निघाली. ताई तिच्या मागून तस्सं चालत आली, डोळे वटारून, जीभ बाहेर काढून. पलंगाशी पोचल्यावर म्हणाली, "आई, तहान टिकलीय ना गं अजून? सावकाशबाई आल्यात."

आई हसली. खोकला लागेपर्यंत हसली. दारात उभे असलेले वडीलही हसले. किती दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसत होतं! धाकटीला नेमकं काय झालं ते कळलं नाही, पण सगळे हसताहेत म्हणून तीही हसली. त्यानंतर घर उदास झालं की ताई धाकटीवर काहीतरी बोलायची आणि घर जरा हलकं व्हायचं.

आई गेली, पुढे वडील गेले. ताईचं लग्न झालं, सहा वर्षांत नवरा गेला आणि ती त्याच दोन खोल्यांत परत आली. दोघी कृत्रिम दात बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होत्या. दवाखान्यांतून जबड्यांची मापं, म्हणजे मऊ लगद्यात घेतलेले ठसे, यायची. ताई त्यात प्लास्टर ओतून साचे काढायची. तिचा हात झपाट्याचा. सकाळी अकराच्या आत पंधरा साचे ओळीने मांडलेले असायचे. धाकटी मेणात दात बसवायची. एकेक दात चिमट्याने उचलायचा, तापल्या सुरीने मेण किंचित वितळवायचं, दात टेकवायचा, वरचा जबडा खालच्यावर मिटून बघायचा, पुन्हा काढायचा. तिच्या हातची कवळी सहसा टोचते म्हणून परत यायची नाही. सर, म्हणजे लॅबचे मालक, अवघड जबडा आला की तिच्याच टेबलावर ठेवायचे. पण हाक मारताना म्हणायचे, "सावकाशबाई, हे जरा लवकर बघा हं!" आणि पॉलिशवाल्या काकांपासून सगळे खिदळायचे.

ताईचा तिच्यावर जीव होता, यात खोटं काही नाही. फळ चिरलं की गोड फोड ती धाकटीच्या ताटलीत सरकवायची. धाकटीला ताप आला तर रजा टाकून उशाशी बसायची. आणि सहाव्या दिवशी लॅबमध्ये आल्यावर सगळ्यांना सांगायची, "आमच्याकडे तापसुद्धा चढायला दोन दिवस घेतो आणि उतरायला तीन." धाकटी मान खाली घालून हसायची. ते हसू इतकं सवयीचं झालं होतं की ते नेहमी एकाच मापाचं असतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ताईच्याही नाही.

धाकटी चव्वेचाळीस वर्षांची असताना तिला मागणी आली. दवाखान्यांतून मापं गोळा करून लॅबमध्ये पोचवणारा एक विधुर गृहस्थ होता. स्कूटरवर यायचा, पिशवी टेबलावर ठेवून दोन मिनिटं टेकायचा. त्या दोन मिनिटांची हळूहळू दहा झाली. तो सावकाशबाई म्हणायचा नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने तिला तिचं नाव विचारून घेतलं होतं आणि त्याच नावाने हाक मारायचा. लॅबमध्ये ते नाव ऐकून आधी लोकांना कळायचंच नाही की कुणाला हाक मारली.

ताईला मनापासून आनंद झाला. तिने त्याला जेवायला बोलावलं. स्वतः उभं राहून चार पदार्थ केले, नव्या चादरी घातल्या. तोही नीट इस्त्रीचा शर्ट घालून आला. पण जेवताना कुणी बोलेना. तो लाजत होता, धाकटी तर बोलणारच नव्हती. भांड्यांचा तेवढा आवाज. ताईला ती शांतता सहन होईना. पाहुण्याला वाटेल, हे कसलं घर!

"नाटकाचं सांगू का?" ती म्हणाली.

"ताई, नको," धाकटी म्हणाली.

"अगं, गंमत आहे! हो की नाही हो, गंमत ऐकायला काय हरकत आहे?" ताई त्याच्याकडे वळली. "तिसरीत होती. शाळेच्या नाटकात हिला एकच वाक्य. 'सेनापती, शत्रू आला!' पडद्यामागून धावत यायचं आणि ओरडायचं. आता ही धावणार? ही आली ती कधी? शत्रू येऊन, लढाई होऊन, शत्रू मरून पडला त्यानंतर. सेनापती विजयाचं भाषण करतोय आणि ही मधोमध उभी राहून म्हणते, 'सेनापती, शत्रू आला!'"

तो इतका हसला की हातातला घास त्याला ताटात ठेवावा लागला. त्याचं अवघडलेपण गेलं. ताईला चेव आला.

"पुढचं ऐका. लोक हसले तशी ही घाबरली. वळून आत गेली, आणि स्टेजवर मागे ओली पावलं! फ्रॉक सगळा भिजलेला."

हे तिने आजवर घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, कारण हा आता घरचाच माणूस. धाकटी उठली आणि पाण्याचा तांब्या भरून आणायला गेली. तांब्या भरलेलाच होता. परत आली तेव्हा तीही हसत होती.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत धाकटीने लग्नाला नकार दिला. कारण सांगितलं नाही. "नाही जमणार," एवढंच. ताईने खोदखोदून विचारलं, रागावली, रडली. धाकटी म्हणाली, "भाजी कुठली आणू?"

त्या गृहस्थाने लॅबमध्ये येणं थांबवलं. मापं घेऊन दुसराच माणूस येऊ लागला. वर्षभराने एका औषधाच्या दुकानात ताईची आणि त्याची गाठ पडली. तिने त्याला बाजूला घेतलं.

"एवढंच सांगा, झालं काय होतं?"

"मलाही नीट कळलं नाही," तो म्हणाला. "मी तिला माझ्या बहिणीकडे नेलं होतं. सगळे जमलेले. ती दारातून आत आली, आणि मी म्हटलं, 'सेनापती, शत्रू आला!' सगळे हसले. तीही हसली. बहिणीच्या मुलीने तिला विचारलं, फ्रॉक कुठला होता म्हणून."

ताईने हातातली औषधांची चिठ्ठी दुमडली.

"मी वाईट हेतूने नाही हो बोललो. तुम्ही सगळे तिच्याशी तसंच बोलता. घरी तुम्ही, तिथे सर, काका. मला वाटलं, तिच्याशी असंच बोलायचं असतं. तिला आवडतं. ती हसायची ना."

ताई औषधं न घेताच घरी आली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. धाकटी पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ताई तिच्यासमोर बसली. "काल ते भेटले होते. मला सगळं कळलं. माझं चुकलं गं."

"काय?"

"ते नाटकाचं. मी सांगायला नको होतं. इतकी वर्षं जे जे बोलले ते बोलायला नको होतं."

"असू दे."

"असू दे नाही. बोल काहीतरी. चार शिव्या दे मला."

धाकटीने एक उशीचा अभ्रा उचलला, कोपऱ्याला कोपरा जुळवला, हाताने सपाट केला. दुसरा उचलला. ती खरोखरच काहीतरी बोलायच्या बेतात असावी. तिचे ओठ एकदा उघडले. पण ताईला इतका वेळ गप्प बसता येईना. तिच्या तोंडातून निघून गेलं, "बरं, घे वेळ. उद्या दुपारपर्यंत उत्तर दिलंस तरी चालेल."

तिने जीभ चावली. पण बोलून झालं होतं.

धाकटी हसली. तेच, एका मापाचं हसू. मग घड्या घातलेले कपडे उचलून कपाटात ठेवायला गेली.

ताईने मग खरंच सोडलं ते. धाकटीवर विनोद बंद. लॅबमध्येही तिने सगळ्यांना बजावलं, "यापुढे हिला कुणी सावकाश म्हणायचं नाही." काका म्हणाले, "मग काय, एक्सप्रेस म्हणायचं?" आणि लॅब खदखदून हसली. पुढचे दोन महिने ते तिला एक्सप्रेस म्हणत होते.

घरी दोघींत बोलायला काही उरलं नाही. ताई जेवायला वाढायची आणि विचार करून करून साधी वाक्यं बोलायची. मीठ बरोबर आहे का. उद्या ऊन असेल. इतकी वर्षं ती धाकटीशी बोलत होती असं तिला वाटत आलं होतं. आता लक्षात आलं, ती बोलत होती ती दुसऱ्यांशी, धाकटीबद्दल. धाकटीला काय विचारायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. एकदा तिने विचारलं, "तुला काय आवडतं गं?" धाकटी गोंधळून म्हणाली, "म्हणजे? कशातलं?" आणि ताईलाही पुढे सांगता येईना.

त्या वर्षाच्या शेवटी धाकटीने बसने पाच तासांवरच्या एका शहरात दुसऱ्या लॅबमध्ये नोकरी धरली. भांडण नाही, रडारड नाही. दोन बॅगा भरल्या, गॅसची नळी बदलायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली, आणि गेली. दर रविवारी सकाळी फोन करायची.

"बरी आहेस ना?"

"हो. तू?"

"बरी आहे."

"जेवण?"

"होतं नीट."

आठ महिन्यांनी ताईला राहवलं नाही. न कळवता ती बसमध्ये बसली, पत्ता विचारत विचारत लॅबपर्यंत गेली. दुपारच्या सुट्टीची वेळ होती. जिना चढताना वरून कुणीतरी गोष्ट सांगत असल्याचा आवाज येत होता. कुणा एका पेशंटची गोष्ट होती; कवळी बसवून घेतली आणि घरी जाऊन आरशात स्वतःलाच ओळखेना. सांगणारी थांबत थांबत सांगत होती. नेमक्या जागी थांबायची, लोक वाट बघायचे, मग पुढचा शब्द यायचा आणि खोलीभर हशा उसळायचा. ताईलाही जिन्यात हसू आलं. काय सांगते ही बाई, तिला वाटलं. मग आवाज ओळखू आला.

ती जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. तिने धाकटीला सलग इतकं बोलताना आयुष्यात ऐकलं नव्हतं.

ती दारात आली तशी गोष्ट थांबली. धाकटीने डबा बंद केला आणि उठली. "ताई! अगं, कळवलं नाहीस." तिने खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. "ही माझी मोठी बहीण," सगळ्यांना सांगितलं.

"या ना, बसा," शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली. "तुमच्या बहिणीमुळे आमची दुपार कशी जाते कळत नाही हो. घरीही अशाच बोलतात का?"

ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटी हातरुमालाची घडी करत होती.

"हो," ताई म्हणाली.

"मग पुढे काय झालं त्या पेशंटचं?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही," धाकटी म्हणाली. "एवढंच."

ताई संध्याकाळच्या बसने परत निघाली. राहा म्हणून धाकटीने दोनदा म्हटलं होतं, नीट म्हटलं होतं, पण ताईला तिच्या खोलीवर जाऊन समोरासमोर बसायची भीती वाटली. धाकटी स्टँडवर आली, खिडकीजवळची जागा बघून दिली, केळी आणि पाण्याची बाटली हातात ठेवली. बस सुटेपर्यंत खाली उभी राहिली. ताईने काच सरकवली. काही तरी विचारायचं म्हणून ती शब्द शोधत राहिली; पण तेवढ्यात गाडी हलली.

घरी पोचल्यावर तिने फोन लावला.

"पोचले."

"बरं झालं," धाकटी म्हणाली. "ठेवू?"

"ठेव."