मागच्या दाराची मधुमालती

माझ्या डोळ्यांत धूळ फेकनारा अजून जन्माला यायचाय. साताऱ्याकडं व्हते तवा आख्ख्या आळीत कुनाच्या घरात काय शिजतंय ते मी नुसत्या वासावरनं सांगायची. आन् हितं जुईनगरला, दीड खोलीच्या घरात, माझ्याच सुनेनं काही लपवावं आन् मला कळू नये? हट्!

तर ती वेल. मधुमालतीची. तेजश्रीनं, म्हंजे माझ्या सुनेनं, लग्नाला वरीस झालं तवा मागच्या दारी लावली. बघता बघता मेली अशी माजली की दारामागची मोकळ्या जागेची सगळी पट्टी झाकून, पायपाला वेटोळं घालून, वरच्या मजल्याच्या ग्रीलमदी घुसली. खाली आमी. वर नंदिनी, तिचा नवरा, आन् तिचा बिनलग्नाचा दीर अभिराम. कसला तरी कॉम्प्युटरचा कोर्स करतोय म्हनं. दिवसभर घरात टेप लावून बसतो, डोक्याला ताप नुसता.

परवा सोसायटीचा सेक्रेटरी शहाजी दारात आला. "मावशी, वेल काढा. पायपाची वाट लागली, उंदरांना जिना झालाय. रविवारी माझा मानूस येतोय."

मी म्हनलं, "काढ बाबा, बरंच झालं."

तेजश्री परातीत पीठ मळत व्हती. तिचे हात थांबले. "आई, वेल नको ना काढायला. पायपावरची सगळी मी छाटते."

घरात कधी वर तोंड करून न बोलनारी पोर. भाजीत मीठ जास्त झालं म्हनून वरडले तरी नुसतं 'हो आई'. आन् एका वेलीसाठी जीभ फुटली? माझ्या मनात पाल चुकचुकली.

आता आमच्यातली रीत सांगते, म्हंजे कळंल. कावळा शिवला की बाई तीन दिवस बाहेर. देव्हाऱ्यात काळुबाई बसलीय, कडक हाय, तिथं माझं काय चालतंय? गावाकडं त्यासाठी पडवी व्हती. हितं कुठली पडवी आलीय! मागच्या दारची ती पट्टी, तेवढंच काय ते बाहेर. दिवसभर तेजश्री तिथं गोनपाटावर, रात्री दाराशी वेगळी चटई. तीन दिवस मी तिच्या जवळ जायची न्हाई. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, आन् घटकेघटकेला दार उघडून लांबनंच नजर टाकायची. वेल वाढल्यापासनं तर ती मला दिसायची बी न्हाई.

आन् ऐका. दुसऱ्या कुनाची सून असती तर तोंड पाडून बसली असती. ही खुश! वेलीमागनं गुनगुन यायची. एकदा तर खुदकन हसली. एकटं मानूस हसतं व्हय? आन् नेमका तवाच वरनं टेप वाजायचा. मागल्या महिन्यात पानांत मला दोरी दिसली. चांगली नायलॉनची, वरच्या ग्रीलपासनं पार खालपातुर, पानांच्या आडून. झालं! वर बिनलग्नाचा बाप्या, खाली माझी सून, मदी दोरी. माझा लेक रणजीत तिकडं पावणे गावच्या कारखान्यात घाम गाळतोय आन् हितं हे.

जेवताना त्याला म्हनलं, "रविवारी घरीच ऱ्हा. बोलायचं हाय."

"काय गं?"

"रविवारी."

पुरावा हातात आल्याबिगर तोंड उघडायची माझी रीत न्हाई. पर मनात सगळं ठरलं व्हतं. रविवारी वेल जानार, आन् वेलीबरोबर ही बी तिच्या माहेरी नावड्याला जानार. कायमची. तेजश्रीनं माझ्याकडं बघितलं आन् तिचा घास तसाच हातात ऱ्हायला. म्हनलं, बघ, चोराच्या मनात चांदनं.

शनिवारी तिचा दुसरा दिवस व्हता. मी मोठ्यानं हाक दिली, "देवळात चालले गं." चपला वाजवल्या, पुढचं दार आपटलं, आन् आतच थांबले. थोड्या वेळानं ती बादली घेऊन बिल्डिंगच्या टोकाच्या नळावर गेली, आपले कपडे धुवायला. मी विळा घेतला आन् वेलीमागं शिरले. इटाळ झाला तर झाला, नंतर डोक्यावरनं न्हाईन. घराच्या अब्रूचा प्रश्न हाय, काळुबाई समजून घेईल.

तिच्या गोनपाटावर बसले. खोका उलटा ठेवलेला, त्यावर शेंगदान्याची पुडी, टिकल्यांचं पाकीट. पायपाला तळहाताएवढा आरसा अडकवलेला. आरसा! कुनासाठी गं भवाने, नटतीस कुनासाठी? विळ्याची मूठ मी अशी आवळली की बोटं दुखली. आत बसल्यावर समोरच्या बिल्डिंगीच्या गॅलऱ्या दिसत न्हवत्या. मागं वळून बघितलं तर माझं सोताचं दार बी दिसंना.

वर टेप लागला. दोरी हलली. पानांतनं सावकाश एक पिशवी खाली आली, आन् तिच्यात कडीचा डबा. आता वरनं काय ऐकू येतंय म्हनून मी कान टवकारून बसले.

आवाज आला तो बाईचा. नंदिनीचा.

"तेजू, चहात आलं घातलंय, गरम आहे तोवर घे. कंबर दुखत असेल तर गोळी पुडीत आहे. अभिरामला टेप जरा मोठाच ठेवायला सांगितलाय, नाहीतर तुझ्या सासूबाई ऐकायच्या. गेल्या ना देवळात?"

मी काय बोलनार? 'हू' म्हनलं.

"आवाज का असा? रडतेयस का? वेलीचं ना? अगं, एकदा सांग त्यांना सरळ. आधी समोरच्या गॅलरीतले ते पुरुष कसे टक लावून बघायचे, आणि तू भर उन्हात डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसायचीस. मला वरून बघवायचं नाही. आडोसा हवा म्हणून लावलीस म्हणावं. त्याही बाईच आहेत, कळेल त्यांना."

मला लाज वाटली. वाटली तर वाटली, सांगायला कशाला भ्यायचं? गावाकडं पडवीत आमी जावा-जावा बसायचो. तीन दिवस चूल न्हाई, पानी वाहनं न्हाई, नुसत्या गप्पा आन् खिदळनं. सासू लांब. लई बरं वाटायचं. हितं ही पोर वरीसभर त्या बाप्यांच्या नजरेत एकटी बसली, आन् दर घटकेला दार उघडून तिच्यावर डोळा ठेवनारी मी, मला समोरची गॅलरी दिसली न्हाई.

चहा निवत चाललेला. मी प्याले. आलं झकास घातलं व्हतं.

तेवढ्यात तेजश्री आली. मला बघितलं, विळा बघितला, आन् बादली सुटली हातातनं. मी उठून तिचं मनगट धरलं.

"आई, शिवाल!"

"शिवले की. काळुबाईचं काय ते मी बघते. चल घरात. हितनं पुढं बाहेर बसायचं न्हाई. रणजीतला बी सांगते. आन् ती वेल जाऊ दे उद्या, आता आडोसा कशाला पायजे?"

मला वाटलं, पोर रडंल, पाया पडंल. पर ती खाली बघत म्हनाली, "आई, राग नका मानू. मला इथंच बरं वाटतं."

"गोनपाटावर? घर सोडून?"

"इथं मला कुणी बघत नाही."

"कुनी म्हंजे, ते समोरचे बाप्येच ना?"

तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. हलकेच मनगट सोडवून घेतलं आन् सांडलेले कपडे गोळा करायला लागली. मी काय खुळी न्हाई. त्या 'कुणी'त मी बी आले, ते कळलं, आन् असं लागलं की विळा घेऊन आत आले ते तशीच ओट्याला टेकून उभी ऱ्हायले.

रविवारी शहाजीचा मानूस कोयता घेऊन आला. मी कंबरेला पदर खोचून उभी. म्हनलं, "पायपावरचं छाट. बाकीच्या एका पानाला हात लावलास तर बघ." शहाजी कुरकुरला, त्याला बी दोन ऐकवल्या.

रणजीत म्हनाला, "आई, बोलायचं होतं ना काहीतरी?"

"हेच. वेल ऱ्हानार."

"एवढंच?"

"एवढंच."

मागं तेजश्री गुनगुनत व्हती. बसायचं का न्हाई, ते मी तिच्यावर सोडलं व्हतं, आन् ती जाऊन बसली व्हती. माझे कान गेलेच तिकडं, जित्याची खोड, मेल्याबिगर जायची न्हाई. उठून दारापातुर गेले. पानांआड तिच्या हिरव्या बांगड्यांचा आवाज आला.

मी वाकून बघितलं न्हाई. मागचं दार लोटून घेतलं.