लोंबती नळी

मिस्त्रींनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि मान वर केली. छताखाली साखळ्यांनी टांगलेल्या लांबलचक हीटरच्या टोकाशी, पेटीत, आधी पंख्याची घरघर झाली, मग भप्पकन आवाज आला आणि बारक्या काचेआड निळी ज्योत दिसली. खाली शिलाई मशिनींवर कोट घालून बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"पेटला एकदाचा," मालकीणबाई म्हणाल्या. "बोटं वळेनाशी झाली होती हो सगळ्यांची."

मिस्त्री हसले. शिडीपाशी उभा असलेला त्यांचा जावईही जरासा हसला, पण सासऱ्याकडे बघून नव्हे.

वर्षभर दोघांचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. एका दुकानाच्या कामावर जावयाने, हा वॉशर कुठल्या बाजूने बसवायचा, एवढंच विचारलं होतं. त्यावर मिस्त्रींनी चारचौघांत, "डोक्यात काय भुसा भरलाय?" असं विचारून टाकलं. जावई हत्यारं ठेवून घरी गेला. लेकीने माहेरी पाऊल टाकणं सोडलं, आणि नातीचे पहिले दात मिस्त्रींना फोनवरच्या फोटोत बघावे लागले. शेवटी बायकोने दोन्हीकडे हातापाया पडून हे काम जोडीने घ्यायला लावलं. निघताना तिने बजावलं होतं, "तोंडाला कुलूप लावून जा. जावई आहे तो, बिगारी नाही."

म्हणून मिस्त्री फार जपून होते. धुराड्याकडचं टोक त्यांनी बसवलं, पेटीकडचं जावयाने. एरवी त्यांनी दुसऱ्याचं काम स्वतः शिडी चढून तपासलं असतं. आज चढले नाहीत. विश्वास नाही असं वाटायला नको. गॅसच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावल्यावर एकही बुडबुडा आला नाही, असं जावई म्हणाला, तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

ऊब हळूहळू खाली उतरली. एकीने मफलर काढून मशिनीवर ठेवला. मिस्त्री सवयीने एकेका साखळीवरून नजर फिरवत पेटीपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

गॅसच्या पक्क्या पाइपातून पेटीत जी लवचिक नळी जाते, तिला मध्ये चांगलं ऐसपैस वळण लागतं. हीटरचं लोखंड तापलं की लांबतं, पेटीला ढकलतं, साखळ्याही तेवढ्या झुलतात. त्या सरकण्याला जागा द्यायची तर नळीत ढील हवी. इथे जादा नळी मागे ओढून तारेने तुळईला करकचून बांधली होती. पेटीपर्यंत ती काठीसारखी ताठ होती. आणि सकाळी ओळंब्यात असलेली साखळी आता किंचित तिरकी दिसत होती.

मिस्त्रींनी खाली बघितलं. नळीच्या बरोबर खाली चार बायका होत्या आणि फोमच्या गाद्यांचा ढीग होता.

जावयाचं नाव घेऊन ओरडायला ते तोंड उघडणार, तोच थबकले. पुन्हा चारचौघांत तेच. या वेळी लेक गेली की गेलीच. मुख्य व्हॉल्व्ह पार दाराशी होता. ते मशिनींच्या मधून चालू लागले.

"मिस्त्री, तो दुसरा हीटर कधी पेटवताय?" मालकीणबाईंनी वाट अडवली.

"बघू, बघू."

वर कुठेतरी कर्र असं वाजलं. मग मिस्त्रींनी लाजलज्जा सोडली. मालकीणबाईंना बाजूला सारून, दुखरा गुडघा ओढत ते धावले आणि दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह फिरवला. वरची ज्योत विझली.

"सगळ्यांनी बाहेर चला. दिवे, मशिनी, कशाच्याही बटणाला हात लावू नका. घाबरण्यासारखं काही नाही," ते म्हणाले.

मालकीणबाई दारात अडून राहिल्या. "अहो, झालं तरी काय?"

जावयाचा चेहरा पांढरा पडला होता. मिस्त्रींनी तो पाहिला.

"माझी चूक," ते म्हणाले. "नळी आवळून बांधायला मीच सांगितलं. वय झालं आता."

लेकीच्या संसारासाठी एवढं खोटं खपून जातं. मनातल्या मनात त्यांनी स्वतःची पाठही थोपटून घेतली.

दारंखिडक्या उघडून वारा खेळू दिल्यावर जावई शिडी चढला. नळीला हात न लावता त्याने सांध्याशी डोळे नेले.

"नळीवरची तारेची जाळी उसवायला लागलीय," तो म्हणाला.

"असू दे. मी सांभाळून घेतलं बाईंपुढे."

"काय सांभाळून घेतलंत?"

"चूक अंगावर घेतली ना तुमची."

जावयाने खाली बघितलं. "पण मामा, तुम्हीच सांगितलं होतंत." आवाजात राग नव्हता. "सकाळी मी वळण ठेवूनच नळी लावली होती. तुम्ही खालून म्हणालात, जावईबापू, आमच्या कामात असं लोंबतं काही नसतं."

मिस्त्रींना आठवलं. हातात चहाचा कप होता. बायका हसाव्यात म्हणून ते बोलले होते, आणि बायका हसल्याही होत्या. नळीकडे त्यांनी नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

"वळण लागतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग विचारलं का नाही मला?"

जावयाने खिशातून पाना काढला आणि नट सोडवायला लागला. मिस्त्रींना दुकानातला तो वॉशर आठवला, आणि त्यांना भयंकर लाज वाटली. अंगणात बायका काकडत उभ्या होत्या. एकीने विसरलेला मफलर अजून मशिनीवरच होता.

त्यांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. जावयाने नवी नळी लावून तिला वळण दिलं. मिस्त्री बराच वेळ वर बघत राहिले. आजवर कामावर त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"एवढी ढील पुरेल का हो?"

जावयाचा हात थांबला. त्याने नळीकडे बघितलं, साखळीकडे बघितलं, मग खाली सासऱ्याकडे.

"नाही," तो म्हणाला. "अजून हवी."

मिस्त्रींनी पिशवी उघडली आणि त्याहून लांब नळी शोधून वर दिली.