पेंढ्याची गोळी

प्रभावती तांबे एकोणीस वर्षं गोळ्या चघळत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक गोळ्यांना नावं ठेवत होत्या. रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीतून त्या वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाल्या. नोकरीत असताना त्यांच्या टेबलाच्या खणात टाचण्यांच्या डबीशेजारी चारदोन गोळ्या कायम असायच्या. बाईंना गोडाचा नाद आहे, असं साहेबलोकांना वाटे. नाद गोडाचा नव्हताच. नाद होता चूक काढण्याचा, आणि गोळीइतकी मुकाट्याने चूक काढू देणारी वस्तू दुसरी नाही.

या नादाचं मूळ मंडणगड तालुक्यातल्या त्यांच्या गावी होतं. वडील मुंबईला गिरणीत होते. मे महिन्यात येताना ते पत्र्याच्या डब्यातून रंगीत गोळ्या आणत. बाकीची भावंडं डोळे मिटून चोखत बसत. सात वर्षांच्या प्रभावतीने मात्र हिरवी गोळी तळहातावर थुंकली आणि सांगितलं, "हिला साबणाचा वास येतो." आईने पाठीत धपाटा घातला. वडिलांनी डब्यातली दुसरी हिरवी गोळी तोंडात टाकली, जरा थांबले आणि म्हणाले, "पोरगी खरं बोलते." खरं बोलणं आणि थुंकून टाकणं या दोन गोष्टी प्रभावतीच्या मनात तेव्हा एकमेकींना चिकटल्या, त्या पुढे सुटल्याच नाहीत.

आधी त्या फक्त वहीत लिहीत. कागद चिकटवायचा, तारीख घालायची, खाली अभिप्राय. मुंबईचा भाचा प्रज्ञेश एकदा सुट्टीत आला, वही वाचून हसून हसून लोळला आणि म्हणाला, "आत्या, हे लोकांना वाचू दे." त्याने ब्लॉग काढून दिला, नावही त्यानेच ठेवलं, 'गोळीबार'.

संत्र्याच्या एका गोळीबद्दल त्यांनी लिहिलं, "संत्र्याशी हिचं नातं रंगापुरतं. रंग मात्र जिभेवर दोन दिवस मुक्कामाला असतो." कॉफीची गोळी म्हणजे "कालच्या उष्ट्या कपाची विसळणी". चिंचेच्या गोळीत "मीठ, तिखट आणि बनवणाऱ्याचा आळस. चिंच शोधून देणाऱ्यास बक्षीस." पावसाळ्यात गोळीला चिकटलेला कागद सोलता सोलता त्यांनी एका कारखानदाराच्या सात पिढ्या सोलल्या होत्या. लोक वाचत, हसत, आणखी मागत. लोकांबद्दलही बाईंचं मत फारसं बरं नव्हतं. ज्यांना गोळीतलं काही कळत नाही ते माझ्या शिव्यांना टाळ्या वाजवतात, असं त्या प्रज्ञेशला फोनवर सांगत.

गेल्या मार्चमध्ये शुभंकर नावाचा तरुण कारखानदार त्यांच्या घरी आला. एमआयडीसीत त्याने 'सागरगोडी' नावाने गोळ्यांचा कारखाना काढला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात मोठा खोका, तोंडावर अदब. खोक्यात आंब्याच्या गोळ्या होत्या.

बाईंनी कोमट पाण्याने चूळ भरली, एक गोळी जिभेवर ठेवली आणि भिंतीकडे बघत बसल्या. गोळी चावायची नाही हा त्यांचा नियम होता. पाच मिनिटं शुभंकर पंख्याचा आवाज ऐकत राहिला.

"यात आंबा किती?" त्यांनी विचारलं.

"फ्लेवर आहे, मॅडम."

"म्हणजे शून्य. रत्नागिरीत बसून हे करता?"

"लोकांना आवडतो."

"लोकांना सवयीने काहीही आवडतं."

शुभंकर रागावला नाही. "तुम्हाला वाटेल ते लिहा, मॅडम. मी वाचतो तुमचं," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. बाईंना वाटलं, पोरगा एक तर खोटारडा आहे, नाही तर बावळट.

त्या दिवशी दुपारीच त्यांनी लिहिलं, "ही गोळी चघळताना आंब्याची आठवण येत नाही. आंबे संपल्यावर पेटीत उरलेल्या पेंढ्याची येते." वाक्य जमलं होतं. त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं.

तीन आठवड्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांना नवं पाकीट दिसलं. पिवळ्या कागदावर ठळक अक्षरात छापलं होतं, 'पेंढ्याची गोळी'. खाली त्यांचं अख्खं वाक्य, त्याखाली त्यांचं नाव, आणि शेवटी, 'आंबा की पेंढा? तुम्हीच ठरवा.'

त्यांनी घरी येऊन शुभंकरला फोन लावला. "माझं नाव न विचारता छापलंत?"

"तुमचंच वाक्य आहे, मॅडम. एक अक्षर बदललं नाही. मिरकरवाड्यात बंदरातल्या टपऱ्यांवर पाकीट टिकत नाही, खलाशी पैजा लावतात."

"लाज नाही वाटत?"

"लाज वाटून कारखाना चालत नाही. जूनमध्ये फणसाची काढतोय. तिलाही चार शिव्या द्या ना."

बाईंनी फोन ठेवला. इतकी वर्षं त्या स्वतःला न्यायाधीश समजत होत्या. हा काल दुकान मांडलेला पोरगा त्यांना दारात घंटा बडवणारी करून गेला होता. वकिलाकडे जावं असं मनात आलं, पण वकिलाला काय सांगायचं? माझी शिवी त्याने आनंदाने घेतली, ही तक्रार?

चार दिवसांनी त्या बंदरावर बांगडे घ्यायला गेल्या. शेजारी उभी असलेली तिशीची एक बाई त्यांच्याकडे निरखून बघत होती.

"तुमी त्या गोळीवाल्या बाई ना?" तिने विचारलं. "मोबाईलवर फोटो बगितलाय तुमचा. मी रेणुका. सागरगोडीत पॅकिंगला हाय. तुमी लिवल्यापासून दोन पाळ्या चालू झाल्या. माझी जाऊपण लागली कामाला."

"तू खातेस ती गोळी?"

"छ्या. आठ तास तो वास नाकात बसतो. घरी गेल्यावर खरा आंबापण नको वाटतो, ओ."

या गोळीबद्दल इतकं नेमकं आपणही लिहिलं नाही, असं बाईंना वाटलं आणि त्यांना तिचा थोडा हेवा वाटला. तेवढ्यात रेणुकाने विचारलं, "मग तुमाला आवडलेली गोळी कंची? पोरांना घेऊन जाईन म्हणते."

बाईंनी बांगड्यांचे पैसे मोजून दिले. "सांगते कधीतरी," म्हणाल्या आणि बांगडे पिशवीत टाकून निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्या वह्या काढल्या आणि जमिनीवर पसरून बसल्या. नऊशे चाळीस गोळ्यांमध्ये त्यांना आवडलेल्या होत्या अकरा. त्या अकरांपुढे अभिप्राय म्हणून एकच शब्द होता, 'बरी.' प्रत्येक ठिकाणी तोच. जिला विसळणी सुचली, पेंढा सुचला, कारखानदाराचे पूर्वज सुचले, तिला चांगल्या गोळीपुढे बसल्यावर एवढंच सुचलं होतं. आजवर त्यांनी पुष्कळांना आळशी म्हटलं होतं. आता तो शब्द आपल्यालाच लागू पडतो हे बघून त्यांना स्वतःची किळस आली. बांगडे साफ करायचे राहिले ते राहिलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अकरांतल्या पहिल्या, जिऱ्याच्या गोळीवर लिहायला बसल्या. मंडणगडला बाजाराच्या दिवशी काशीराम नावाचा म्हातारा ती परातीत घेऊन बसायचा. तीन वेळा लिहून खोडलं. गोड म्हणावं तर गुळचट वाटे, कौतुक करावं तर लाळघोटेपणा वाटे. जेवायच्या वेळेपर्यंत चार ओळी झाल्या: "ही गोळी घाई करत नाही. आधी नुसती गोड लागते. आपण निराश होणार इतक्यात मागून जिरं येतं, आणि गोळी संपली तरी ते उठून जात नाही. काशीराम आता बसत नाही. बसत असता तर मी आज एसटीने गेले असते."

ब्लॉगवर संध्याकाळपर्यंत चौदा जणांनी ते वाचलं. एरवी चारशे वाचत. खाली एकाने लिहिलं होतं, "बाई, तब्येत बरी आहे ना?"

"मूर्ख," प्रभावती म्हणाल्या, आणि चष्मा पुसून वहीत दुसरी 'बरी' शोधू लागल्या.