उसनं दुखणं

गिरजाबाईंनी त्या मुलीला पहिल्यांदा पाहिलं ते वांग्याच्या वाफ्यातून, आणि पाहिल्याबरोबर त्यांच्या मनात पाल चुकचुकली. केनवडला पाठीवर सॅक टाकून अनोळखी बाई येते ती दोनच कारणांनी, काही विकायला नाहीतर काही लिहून न्यायला. ही विकायला आलेली दिसत नव्हती. तिच्या हातात बोटानं लिहायची काळी पाटी होती, ज्याला शिकलेले लोक टॅब म्हणतात, आणि सोबत गावची आशाताई विजयमाला होती.

"गिरजाकाकू, ह्या संस्कृती मॅडम," विजयमाला बांधावरूनच म्हणाली. "बाहेरदेशच्या कॉलेजात शिकतेत. तीन महिने आपल्या जिल्ह्यात प्रॅक्टिकल हाय त्यायचं. बाळंतीण बायकायच्या मनाची तब्येत कशी राह्यते, ते इचारून राह्यल्या."

"मनाची? मनाले काय झालं बायकायच्या?"

"तेच विचारायचंय, काकू," ती मुलगी हसून म्हणाली. "अंजू इथेच असते ना?"

झालं. अंजूचं नाव हिला कुणी सांगितलं?

अंजू म्हणजे गिरजाबाई आणि बापूरावांची एकुलती एक लेक, कारंज्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं ती सातव्या महिन्यात केनवडला आली, तिला मुलगी झाली, आणि पोर पाच महिन्यांची झाली तरी अंजू सासरी परतली नव्हती. परतणार कशी? बाळंतपणानंतर तिच्या तोंडचं बोलणंच हरपलं होतं. पोर रडरड रडायची आणि अंजू भिंतीकडे पाहत बसायची. जावई हर्षल बारशाला येऊन दोन दिवस राहिला आणि जे पाहिलं ते जसंच्या तसं त्यानं आपल्या आईच्या कानावर घातलं. मग विहीणबाईंचा फोन आला. "तुमच्या पोरीच्या डोक्शात फरक पडला. तसा दवाखान्याचा कागद भेटला का आमी नात घेऊन येतो. येडीपाशी लेकरू ठेवता येते काय?"

त्या दिवसापासून गिरजाबाई कुठल्याही कागदापासून चार हात लांब राहायच्या. गावात कुणी विचारलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही. आणि आता ही पाटीवाली नेमकं अंजूचंच नाव घेत दारात उभी.

"कोठून आल्या म्हना, म्याडम?" त्यांनी खुरप्याची माती झटकत साळसूदपणे विचारलं.

"राहते वाशिमला. मागच्या आठवड्यात कारंज्यात होते, आता रिसोड तालुका करतेय."

कारंज्यात! पाणी कुठं मुरत होतं ते गिरजाबाईंना लख्ख दिसलं. विहीणबाई साधी बाई नव्हती. स्वतः आली तर कुणी दार उघडणार नाही, म्हणून ही गोडबोली पुढं केली.

"अंजू नाई घरी. जऊळक्याले गेली, मावशीकडे."

अंजू तिथून वीस पावलांवर, घरात बाजेवर बसलेली होती. विजयमालेला ते ठाऊक होतं. ती बिचारी सांबाराच्या वाफ्याकडे पाहत राहिली, जणू कोथिंबीर तिनं जन्मात कधी पाहिलीच नव्हती.

मुलगी गेली, पण पिच्छा सोडणाऱ्यांतली नव्हती. चार दिवसांनी पुन्हा आली. मधल्या काळात गिरजाबाईंनी नवऱ्याला बाजाराच्या दिवशी चौकशीला पिटाळलं होतं. बापूराव भाजीचं रिकामं पोतं खांद्यावर टाकून परतले आणि मोठ्या गांभीर्यानं त्यांनी खबर दिली, "ते पोट्टी बिनसाखरेचा चहा पेते." एवढ्यावरून काय निष्कर्ष काढायचा तो त्यांनी बायकोवर सोडला.

या खेपेला संस्कृतीनं सगळं उलगडून सांगितलं. वर्षभरात बाळंत झालेल्यांची यादी आशाताईच्या रजिस्टरात असते. त्यातून चिठ्ठी टाकल्यासारखे नंबर निघतात, तसा अंजूचा निघाला. कारंज्यात आणखी कुणाचे निघाले होते. जिला त्रास आहे तिच्याकडे, संस्कृतीला इथे आणणाऱ्या संस्थेची एक ताई दर आठवड्याला येते, बसून बोलते, गरज पडली तर डॉक्टरांकडे नेते.

"आन् तू काय करतं यात?"

"मी शिकतेय, काकू."

"म्हनजे आमच्यावर शिकून राह्यली. शिकाऊ न्हाव्याले डोकं गरिबाचंच लागते."

मुलगी लाजली, पण हसली. "खरं आहे. म्हणूनच तुम्ही नको म्हणालात तर मी जाईन. अंजू आली की तिलाच विचारू. तोवर बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या घरातल्या मोठ्या बाईसाठीही एक फॉर्म आहे. तुमच्यासाठी."

त्या चिठ्ठ्यांवर गिरजाबाईंचा काडीचा विश्वास बसला नाही. पण दर आठवड्याला एक ताई येते, हे मात्र त्यांच्या डोक्यात रुतून बसलं. कारण लेकीवर इलाज हवा होता, फक्त तिच्या नावाचा कागद नको होता. आणि असला पेच सोडवण्याची गिरजाबाईंची एक जुनी रीत होती.

दोन वर्षांमागं बापूरावांना खोकला झाला होता. माणूस दवाखान्याची पायरी चढायला राजी नाही. शेवटी गिरजाबाईच गेल्या, डॉक्टरांपुढं बसून खो खो खोकल्या, रात्रीचा कसा, सकाळचा कसा, सगळं बारकाईनं सांगितलं आणि औषधाची बाटली घेऊन आल्या. बापूराव खडखडीत बरे झाले. तेव्हापासून त्यांचा सिद्धांत पक्का होता. दुखणं कुणाचं का असेना, सांगणारा नीट सांगणारा पाहिजे. म्हाताऱ्या बाईला कुणी येडी म्हटलं तर म्हणेना का, तिच्याकडून कोण कुणाचं लेकरू ओढून नेणार आहे? अंजूचं दुखणं उसनं घ्यायचं, उपाय आपल्या नावावर आणायचा आणि हळूच लेकीला द्यायचा.

"भर तो फॉर्म," त्या म्हणाल्या. "नाव लिव, गिरजाबाई बापूराव."

"नाव नाही लिहीत, काकू. फक्त नंबर."

हे ऐकून त्यांचा संशय आणखी दुणावला. बिननावाचा सरकारी कागद त्यांनी अजून पाहिलेला नव्हता. पण आता माघार नव्हती. त्यांनी अंगणात पोतं अंथरलं, मेथीचा ढीग पुढं ओढला आणि जुड्या बांधायला बसल्या. हात कामात असले की खोटं बोलणं सोपं जातं.

"गेल्या पंधरा दिवसांत कुठल्याही कामात मन लागलं नाही, असं किती दिवस झालं?"

"रोज." एक जुडी बांधून झाली.

"झोप?"

"नाई लागत. लेकरू झोपते तरी डोये सताड उघडे."

"जेवण?"

"अर्धी पोयी. तेबी मी कोंबली तर." मी कोंबली, हे तोंडून निसटलं तसं त्यांनी जीभ चावली आणि दोन जुड्या भराभर बांधल्या.

मुलीनं नजर वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिनं पुढचं विचारलं, स्वतःकडे लक्ष द्यावंसं वाटत नाही, असं होतं का?

"चार चार दिवस फनी लागत नाई डोक्याले," गिरजाबाई ठासून म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं डोकं सकाळीच खोबरेल तेलानं चोपडून चप्प बसवलेलं होतं, अंबाड्यातून एक केस बाहेर नव्हता. मुलीची नजर क्षणभर त्या अंबाड्यावर थांबली आणि पुन्हा पाटीवर गेली. ताकाला जाऊन भांडं लपवायला गिरजाबाईंनी अशी जागा निवडली होती की भांडंच आधी दिसावं.

आठ उत्तरं झाली. एकदाही त्या अडखळल्या नाहीत. पाच महिने ज्या लेकीवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली, तिचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

"आता शेवटचा प्रश्न," मुलीचा आवाज हळू झाला. "आपण नसतो तर बरं झालं असतं, असं पंधरा दिवसांत किती वेळा मनात आलं?"

गिरजाबाईंचे हात थांबले.

हे त्यांना माहीत नव्हतं. झोप दिसते, जेवण दिसतं, विस्कटलेले केस दिसतात. हे दिसत नाही. हे विचारावं लागतं, आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं धाडसच झालं नव्हतं त्यांना. सगळ्या गावावर, जावयावर, या परक्या मुलीवर त्यांनी संशय घेतला होता, पण आपल्याच घरात बाजेवर बसलेली लेक काय विचार करत असेल याच्या वाऱ्याला त्या उभ्या राहिल्या नव्हत्या. कधीच नाही, असं सांगून टाकावं? आणि ते खोटं निघालं तर?

"काकू," मुलगी म्हणाली, "ह्याचं उत्तर एकाच्या वतीनं दुसऱ्याला देता येत नाही."

"रोज."

आवाज दारातून आला. अंजू उभी होती, विस्कटलेले केस, खांद्यावर पोर. पाच महिन्यांत ती आपणहून उंबऱ्यापर्यंत आली नव्हती.

"रोज लिवा, म्याडम. माय खोटं बोलून राह्यली, ते सारं माहं हाय." तिनं पोर सावरली. "लेकरू अंगाशी असलं का जरासं कमी वाट्टे. तेवढंच."

गिरजाबाई धडपडत उठल्या. मांडीवरची मेथी अंगणभर पसरली. लेकीला जवळ घ्यावं की लेकरू सांभाळावं, त्यांना काही कळेना, आणि मेथीच्या पसाऱ्यात उभ्या राहून त्या लहान पोरीसारख्या रडल्या.

संस्कृतीनं पाटी उलटी करून पोत्यावर ठेवली. ती दारापाशी गेली, पण उंबरा ओलांडला नाही. "आत येऊ, अंजू?" अंजूनं मान हलवली. दोघी बाजेवर बसून बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. गिरजाबाई दाराआडून कानोसा घेत होत्या. सवय जाते होय?

मग मुलगी बाहेर आली. "काकू, डॉक्टरांना आजच दाखवायला हवं. आणि तिला एकटं ठेवायचं नाही, क्षणभरही नाही."

"कागद होईन?"

"होईल. अंजूच्याच नावाचा होईल, कारण गोळ्या तिला लागतील. तुमच्या नावावर आणलेल्या गोळ्या तिला चालणार नाहीत."

"आन् तो कारंज्याले गेला तर? लेकरू नेलं तर त्यायनं?"

"कागद तुमच्या हातात राहील. आजार लिहिलेला कागद म्हणजे वेडाचा दाखला नाही, काकू. बाकी सासरच्यांनी भांडण काढलं तर काय करायचं, ते मला ठाऊक नाही. मी शिकाऊ आहे. माझ्या मोठ्या डॉक्टरबाईंना विचारते, त्या सांगतील."

गिरजाबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. लबाड माणूस सगळं ठाऊक असल्यासारखा बोलतो, त्यांच्या विहीणबाईंसारखा. ही सरळ ठाऊक नाही म्हणाली. भरवसा पुरता बसला नाही, पण तिच्यासोबत एसटीत बसण्याइतका बसला.

वाशिमच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपुढं रांग होती. बापूराव पाण्याची बाटली भरायला गेले. अंजू पोरीला घेऊन बाकावर टेकली, संस्कृती तिच्याशेजारी. रांगेत उभ्या गिरजाबाई एकेका चेहऱ्याची तपासणी करत होत्या. त्यांच्या मागं हिरव्या लुगड्यातली एक बाई होती. ती कारंज्याचीच, विहीणबाईंच्या गल्लीतलीच असावी, असं त्यांना पहिल्यापासून वाटत होतं. दोनदा तिनं अंजूकडे निरखून पाहिलं होतं.

"पेशंटचं नाव?" खिडकीतून आवाज आला.

"गिर..." जुन्या सवयीनं जीभ वळली आणि थांबली. त्यांनी बाकाकडे पाहिलं. अंजूनं लेकरू छातीशी घट्ट धरलं होतं, दोन्ही हातांनी.

"अंजू," त्या म्हणाल्या.

"काय त्रास आहे? मोठ्यानं सांगा, ऐकू येत नाही."

हिरव्या लुगड्यातली बाई एक पाऊल पुढं सरकली, कान टवकारून. गिरजाबाईंनी मागं वळून तिच्याकडे एकदा सरळ पाहिलं, मग खिडकीच्या गजांना धरून सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माह्या पोरीचं मन दुखून राह्यलं. लिवा."