शिवांगीला चिठ्ठी नाही

भावनाला शिकवायची भारी हौस. सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या तिच्या फ्लॅटमध्ये रविवारी बुद्धवंदना झाली की मोठी माणसं चहाला बसतात आणि पोरं तिच्या तावडीत सापडतात. त्या रविवारचा विषय होता राष्ट्रपतींची निवडणूक. रस्त्यारस्त्याला दिव्यांच्या खांबांवर उमेदवारांचे फोटो लागले होते, शुक्रवारी मतदान होतं, आणि असा मोका सोडेल ती भावना कसली!

"आपणही वर्गाचा राष्ट्रपती निवडू," ती म्हणाली. "खाऊच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे."

किल्ली म्हटल्यावर पोरं सरसावली. यश आणि जान्हवी उमेदवार झाले. भावनाने मोठ्या पोरांना चिठ्ठ्या वाटल्या. सहा वर्षांच्या शिवांगीने हात पुढे केला, तर तिला चिठ्ठी नाही.

"हे आमदार-खासदार," भावनाने समजावलं. "राष्ट्रपतींना तेच निवडतात. तू जनता. तू टाळ्या वाजव."

शिवांगीला जान्हवीच हवी होती. जान्हवी तिला खेळायला घेते, यश घेत नाही; मत बनवायला माणसाला आणखी काय लागतं? तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मात्र पुढेच ठेवला. "मी पण आहे ना इथे," ती म्हणाली.

"मावशी, नॉट लाइक दॅट लाह," यशच इथल्या धाटणीच्या इंग्रजीत मध्ये पडला. "इथे एव्हरीबडी व्होट्स. टीचरने सांगितलं."

भावनाचा नवरा प्रफुल्ल चहाचा कप घेऊन हसतच आत आला. "अगं, हे नागपूरचं नागरिकशास्त्र झालं! इथे राष्ट्रपतींना लोकच निवडतात. शुक्रवारी मी मत द्यायला जाणार, तो काय आमदार म्हणून?"

भावना ओशाळली. प्रफुल्ल इथला नागरिक झालाय, तिच्याने अजून भारताचा पासपोर्ट सोडवत नाही. म्हणून इथे तिला मत नाही, आणि मतदानापुरतं नागपूरला जाणं कधी जमत नाही. तिचे बाबा मतदानाच्या दिवशी पांढराशुभ्र सदरा घालून सकाळीच रांगेत उभे राहायचे. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क आहे, तो वाया घालवायचा नाही, म्हणायचे. बाजूला बसून टाळ्या वाजवणं काय असतं, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि नेमकं तेच तिने एका चिमुरडीच्या वाट्याला आणलं. तिला स्वतःचाच राग आला.

तिने चिठ्ठ्या परत घेतल्या आणि नव्याने वाटल्या. या वेळी सगळ्यांना, उमेदवारांनासुद्धा. एकेकाने पडद्याआड जाऊन फुली मारायची होती. शिवांगी आत गेली ती बाहेर यायचं नावच घेईना.

"फास्ट लाह!" यश ओरडला.

"घेऊ दे तिला वेळ," भावना म्हणाली.

मोजणी झाली. यश दणकून जिंकला. जान्हवीला दोनच मतं, त्यातलं एक तिचं स्वतःचं. दुसरं कुणाचं, ते सांगायला नको. आता ही भोकाड पसरणार, म्हणून भावनाने शिवांगीला जवळ ओढलं.

"मावशी, माझं मोजलं?"

"मोजलं गं. हे बघ."

शिवांगीने आपली वाकडी फुली नीट पाहून घेतली आणि ती यशकडे खाऊ मागायला पळाली. हरल्याचं दुःख नावालाही नाही. भावनाला त्या पोरीचा चक्क हेवा वाटला.

"प्रफुल्ल," ती म्हणाली, "शुक्रवारी मी पण येते तुझ्याबरोबर."

"तुला आत नाही सोडणार गं."

"माहीत आहे. बाहेर उभी राहते."