धाब्याची माती

गावातलं धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर पडलं तेव्हा लीलाधरने आईला धुळ्याला, कॉलनीत आणलं. भिकुबाईला तिथे करण्यासारखं काही नव्हतं. घरामागे मात्र चार हात रुंदीचा पट्टा होता. वर शेजाऱ्याचा लिंब, पलीकडे त्याचीच दुमजली भिंत. ऊन घटकाभर टेकून निघून जाई. खाली काळी चिकण माती, पावसात पाय धरून ठेवणारी.

"माय, दिवाळीलगुन काही उगनं ते ठीक," लीलाधर म्हणाला. "नही ते फरशी टाकी देसूत. कुंदा दोनदा घसरी पडनी."

बोलण्यात राग नव्हता. तेच वाईट. भांडायला जागाच नव्हती.

"उगी रे, उगी. मातीले वळख लागस."

तिने लिंबाचा पाला कुजवला, गवळ्याकडून शेणखत आणलं, साचलेल्या पाण्याला चर काढून वाट दिली. श्रावणात माती जरा सुटली, गांडुळं दिसली. ऊन न मागणारा पुदिना तिने लावला. त्याने चार पानं धरली. पण दिवाळी पुदिन्यापेक्षा भरभर येत होती.

पोळ्याला ती गावी गेली. पडक्या घराच्या ढिगाऱ्यात धाब्यावरची पांढरी माती होती, हाताला पिठासारखी भुसभुशीत. तिने दोन पोती भरली आणि एस्टीच्या टपावर चढवली.

"आत्याबाई, घर पडनं तरी तुम्हीन ते पोतामा भरी आनं!" सून कुंदा हसली.

"हास तू. काळी मातीमा मिळाडी ते सारी मोकळी हुई जाई."

सगळ्या पट्ट्यात ती माती कालवून तिने पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच वर उभं. तिसऱ्या दिवशीही. पुदिना पिवळा पडला, मग मुळाशी काळा. तिने खुरपं घातलं तर ते नुसतं खरवडत गेलं.

तेव्हा कुठे भिकुबाईच्या ध्यानात आलं. चाळीस पावसाळे ह्याच मातीने तिच्या डोक्यावर थेंब पडू दिला नव्हता. ती आता पाणी खाली कशी सोडणार? आणि पांढरी काळीतून वेचायची तरी कशी? ती नखांनी उकरत बसली. कुंदाने हात धरून उठवलं.

दिवाळीला आठ दिवस असताना सुपडू गवंडी आला. त्याने पट्ट्यावर पहार आपटून पाहिली, पुन्हा आपटली.

"लीलाधरभाऊ, जमीन ठोकाले धुम्मस बी फिरवाले नको. इतली पक्की जमीन कोन बनाडी? फरशी पिढीभर हालाव नही!"

"मन्ही मायनी," लीलाधर कौतुकाने म्हणाला.

भिकुबाई पट्ट्याच्या कडेला उभी होती. हातात पुदिन्याची एक काडी होती. कुठे खोचावी ते तिला सुचत नव्हतं.

"आक्का, जरासा सरका," सुपडू म्हणाला.

ती सरकली.