वळणापुढचा पूल

गाडी शिकवणारी बाई आयुष्यात कधी एकटीने लांब गाडी घेऊन गेली नव्हती, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. अर्ध्या गावाला तिने क्लच सोडायला शिकवलं होतं. पोरं तिला समोर मास्तरीणबाई म्हणत, आणि पाठीमागे काय म्हणत तेही तिला ठाऊक होतं. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती बसायची बाजूच्या सीटवर, पायाखाली जादा ब्रेक आणि नजर दुसऱ्याच्या हातांवर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी आपल्या संसारात होती. यंदाच्या थंडीत बाईने क्लासला आठवडाभर टाळं लावलं आणि डोंगरांचा रस्ता धरला.

"एकटी? या बर्फात?" धाकट्या भावाने फोनवर विचारलं.

"मग काय वरात घेऊन जाऊ?"

सुरुवातीचे दिवस इतके छान गेले की तिला स्वतःचाच राग आला, हे आधी का नाही केलं म्हणून. मनाला येईल तिथे थांबायचं. गोठलेला धबधबा बघत थर्मासमधली कॉफी संपवायची. बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून पायवाट चढायची, गुडघे कुरकुरले की एखाद्या बाकावरचा बर्फ झाडून बसायचं. कुणी "मॅडम, आता कुठला गिअर?" विचारणारं नाही.

त्या दिवशी सकाळी ती एका टेकडीवर चढली. वर लाकडी मनोरा होता. तिथून सगळी दरी दिसत होती, पांढरीशुभ्र, मध्ये ओढ्याची काळी रेघ. मनोऱ्यावर लाल टोपी घातलेला एक माणूस आधीच उभा होता.

"काकू, तुमचा फोटो काढून देऊ?"

स्वतःचे कल्ले पांढरे झालेले आणि मला काकू म्हणतोय, असं तिच्या मनात आलं. पण फोटो तिने काढून घेतला. माणूस बोलका निघाला. औषधांच्या दुकानात काम करायचा. बायकोला थंडी सोसत नाही, म्हणून दर हिवाळ्यात दोन दिवस एकटाच सटकायचा. "बाहेर पडलो की तिलाही बरं वाटतं," तो हसून म्हणाला. दोघं बोलत बोलतच खाली उतरले. त्याला गाडीत बसून डबा खायचा होता. बाई पुढे निघाली.

रस्ता निर्मनुष्य होता. दोन्ही बाजूंना दाट झाडी. बाई अगदी हळू गाडी चालवत होती, आणि त्याला कारण होतं. कॉफी जरा जास्तच झाली होती आणि आता तिला कुठेतरी आडोसा हवा होता. असं झाडांकडे बघत बघत तिने वळण घेतलं.

पुढे पूल होता. म्हणजे पुलाचा अलीकडचा तुकडा होता, पलीकडचा होता, मधला नव्हता.

तिचा पाय ब्रेकवर गेला. गाडी जराशी घसरली आणि थांबली. बाई काचेतून बघत राहिली. डोळे सांगत होते ते मन घेईना. धुकं असेल. बर्फामुळे तसं दिसत असेल. ती उतरली, कठड्याला धरत पुढे गेली आणि खाली वाकली. पुलाचा अख्खा तुकडा ओढ्यात आडवा पडला होता आणि त्याच्या भोवती पाणी अजून गढूळ होतं. म्हणजे हे आत्ता झालं होतं. ती टेकडी उतरत होती तेव्हा, किंवा त्याहूनही नंतर.

फोनला रेंज नव्हती. मागून कुणी आलं तर? बाईने गाडी मागे घेतली, रस्त्याच्या कडेला बर्फात नीट उभी केली, दिवे लुकलुकते ठेवले आणि वळणाकडे पळत सुटली.

ती वळणाशी पोहोचते न पोहोचते तोच इंजिनाचा आवाज आला. तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले. "थांबा! पूल नाहीये! थांबा!"

गाडीत लाल टोपी होती. काचा बंद होत्या. त्याने तिला ओळखलं, तोंडभर हसला, दोनदा हॉर्न वाजवला, हात हलवला आणि निघून गेला.

बाई मागे धावली. वळणापलीकडे तिला त्याचे ब्रेकचे लाल दिवे दिसले. ते लागले, तसेच लागलेले राहिले आणि तसेच सरकत गेले. मग दिसेनासे झाले. आवाज फार मोठा आला नाही. तिला वाटलं होतं, मोठा येईल.

ती ओरडली की नाही, हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. एवढंच आठवलं, की पुन्हा इंजिनाचा आवाज आला आणि ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बस होती. हॉर्न वाजत राहिला, ती हलली नाही. बस तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"मरायचंय का बाई?" ड्रायव्हर खिडकीतून खेकसला.

तिने नुसतं बोट दाखवलं. ड्रायव्हर शिव्या देतच उतरला, वळणापर्यंत गेला, परत आला आणि बसच्या पायरीवर मटकन बसला. "चाळीस माणसं आहेत माझ्या गाडीत," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

बसमधल्या दोघांनी दोर घेऊन ओढा गाठला. बाई वरून कठड्याला धरून बघत राहिली. खालून कुणीतरी ओरडलं, "जिवंत आहे!" तेव्हा ती बर्फात बसली.

जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलात पोलिसाने तिचा जबाब घेतला. "इतक्या वर्षांचा अनुभव, म्हणून वेळेत थांबलात," तो कौतुकाने म्हणाला.

"लघवी लागली होती," बाई म्हणाली. "आडोसा शोधत होते."

पोलिसाने क्षणभर पेन थांबवलं आणि लिहिलं, वाहन सावकाश चालवीत असल्याने.

संध्याकाळी त्या माणसाची बायको आली. ऑपरेशन चालू होतं. तिने बाईकडून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमची गाडी कुठे होती?"

"कडेला लावली होती."

"आडवी का नाही लावलीत? रस्त्यात?"

रस्त्यात गाडी उभी करायची नाही, कडेला घ्यायची, हे तिने हजार पोरांना घोकून घेतलं होतं. त्या घटकेला तिचे हात आपोआप तेच करून मोकळे झाले होते. आडवी लावली असती, तर तो तिच्या गाडीवर आदळून अलीकडेच थांबला असता. हे तिला इतक्या तासांत एकदाही सुचलं नव्हतं.

"सुचलं नाही," ती म्हणाली.

बायकोने मान फिरवली. रात्रभर दोघी त्याच बाकावर बसून होत्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

सकाळी पहिल्या बसने, लांबचा वळसा घेऊन भाऊ आला. त्या माणसाला शुद्ध आली होती. कमरेपासून खाली प्लास्टर, एक डोळा सुजून बंद. बाई दारातच घुटमळली.

"या ना," तो पुटपुटला. "तुम्ही ओरडत होतात, नाही?"

"हो."

"मला वाटलं, निरोप देताय."

मग कॉटशेजारी बसलेली त्याची बायको उठली आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि बाईही तसं धरून चालली नाही. पण बाई बसली.

दुपारी बहीणभाऊ गाडीजवळ आले. पोलिसांनी ती हॉस्पिटलच्या आवारात आणून ठेवली होती आणि चावी बाईला परत दिली होती.

"ताई, चावी दे. मी चालवतो."

तिने हात पुढे केला, पण मूठ उघडेना. तिला उघडायची होती, बोटंच ऐकत नव्हती. भावाने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, चोळून गरम केला आणि एकेक बोट सोडवत चावी काढून घेतली. तळहातावर चावीचा ठसा उमटला होता, दात न दात.